बातमीतलं इंग्रजी

आचरेकर बाईंनी टेप थांबवली आणि विचारलं, "काय म्हणाला तो?"

आम्ही पाच-सहा जण बाईंच्या ओटीवर सतरंजीवर बसलो होतो. बाहेर रस्त्यावर कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, आणि प्रत्येक किकबरोबर बाईंच्या कपाळावर आठी पडत होती.

"एक जहाज बुडालं," कॉलेजातले शेट्ये सर म्हणाले. "मालवाहू जहाज. वादळ होतं. बिस्केचा उपसागर. पाच जण वाचले आणि सतरा मेले."

"सतरा मेले असं म्हणाला तो?"

बाईंनी टेप थोडी मागे नेली आणि तेच वाक्य पुन्हा लावलं. त्या आवाजाला कसली घाई नव्हती. थंड आणि स्वच्छ. माझ्या लक्षात आलं.

"नाही बाई," मी म्हटलं. "तो 'फिअर्ड डेड' म्हणाला. मेले असावेत अशी भीती आहे, एवढंच. मेलेच असं म्हणायला त्याच्याकडे अजून काही नाही."

"शाब्बास सुचिता," बाई म्हणाल्या. "बातमीत एकेक शब्द तोलून घातलेला असतो. जेवढं ठाऊक, तेवढंच बोलायचं. तुम्ही ऐकताना त्यात आपल्या पदरची भर घालू नका."

बाई सहसा कोणाला शाब्बास म्हणत नसत. मला इतकं बरं वाटलं, की मी मान खाली घालून हसू लपवलं.

आमचा हा क्लास नापास मुलांचा नव्हता. आम्ही सगळे पदवीधर. मी तर इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. पण दोन माणसं खरोखरचं इंग्रजी बोलायला लागली, की आमच्या कानात नुसता गलका व्हायचा. मुंबईच्या एका वृत्तसंस्थेत भाषांतराच्या जागेसाठी मी परीक्षा देऊन आले होते. लेखी छान गेली. मग त्यांनी रेडिओवरची बातमी ऐकवली आणि मराठीत लिहायला सांगितली, तिथे मी हात टेकले. रत्नागिरीत परत आल्यावर कोणीतरी खालच्या आळीतल्या नलिनी आचरेकरांचं नाव सांगितलं. त्यांचं आयुष्य मुंबईत एका इंग्रजी दैनिकाच्या बातम्या तपासण्यात गेलं होतं. वडील अंथरुणाला खिळले म्हणून त्या गावी आल्या. वडील वारले तरी मग इथेच राहिल्या. त्यांच्याकडे ना पुस्तक होतं, ना व्याकरणाचे तक्ते. सकाळी परदेशी केंद्रावरच्या बातम्या त्या टेप करून ठेवत आणि संध्याकाळी एकेक वाक्य आमच्या कानांवर घालत. त्या म्हणत, पुस्तकातला माणूस तुमच्यासाठी सावकाश बोलतो, बातमीवाल्याला तुम्ही कोण हेही ठाऊक नसतं, म्हणून कान तयार करायचा तर त्याच्याकडून.

"आता जहाजाचं नाव," बाई म्हणाल्या. "कोणाला ऐकू आलं?"

त्यांनी टेप लावली. कोणालाच नीट कळलं नाही. पुन्हा लावली. नफिसा मुकादम बँकेत होती, ती दबकत म्हणाली, "कल्याणी?" आणि आम्ही सगळे हसलो. बाईसुद्धा हसल्या.

"कलायपी," त्या म्हणाल्या. "कलायपी स्टार. ग्रीक नाव आहे. विशेषनामं अशीच दगा देतात. लिहिलेलं एक आणि कानावर येतं भलतंच. थांबा, लिहून दाखवते."

त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर अक्षरं काढायला सुरुवात केली. सी. ए. दोन एल. आय. ओ. पी. ई. प्रत्येक अक्षर त्या मोठ्याने म्हणत होत्या. दोन एल होईपर्यंत मी नुसती बघत होते. ओ आला आणि पुढची दोन अक्षरं मी बाईंच्या आधीच मनात म्हटली.

आमच्या घरी त्या जहाजाला कॅलिओप म्हणत. माझा भाऊ दिगंबर, आम्ही त्याला दिगू म्हणत असू, त्याच्या इंजिनखोलीत फिटर होता. कंपनीच्या पत्रावरचं नाव त्याने आम्हाला कॅलिओप असंच वाचून दाखवलं होतं. मग तात्या तसं म्हणायला लागले, आई म्हणायला लागली, सगळी वाडी म्हणायला लागली. कोणी विचारलं तर आई म्हणायची, दिगू कॅलिओपवर आहे, मोठं जहाज आहे.

"बाई, हे कॅलिओप आहे," मी म्हटलं.

"कॅलिओप नाही गं. कलायपी. शेवटचा ई उच्चारायचा."

"तसं नाही बाई. माझा भाऊ त्या जहाजावर आहे."

बाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. नफिसाने माझा दंड धरला. बाई टेपजवळ आल्या, गुडघे टेकून खाली बसल्या आणि त्यांनी ती बातमी पहिल्यापासून लावली. आम्ही ऐकली. मग पुन्हा लावली. या वेळी कोणीही कोणाला काही विचारलं नाही.

*

बाई माझ्याबरोबर घरी आल्या. वाटेत त्यांनी एवढंच विचारलं, की घरी इंग्रजी कोणाला कळतं. मी म्हटलं, मला आणि दिगूला.

तात्या एस.टी.च्या डेपोतून निवृत्त झालेले. ते पडवीत बसून पंप स्टोव्हची पिन साफ करत होते. बाईंना बघून उठले, त्यांना खुर्ची दिली. मी उभ्या उभ्याच सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही, पण आई आतून हात पुसत आली आणि दारात थांबली, ते आठवतं.

तात्यांनी किती वाचले ते विचारलं. पाच, म्हटलं. त्यात कोण कोण, असं विचारलं. नावं दिलेली नाहीत, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि स्टोव्हची पिन नीट पुडीत गुंडाळून ठेवली.

"आणि बाकीचे?" आईने विचारलं.

मी बाईंकडे पाहिलं.

"बाकीच्यांची भीती आहे, आई."

"म्हणजे मेले, की नाही मेले?"

"तसं तो म्हणाला नाही. भीती आहे म्हणाला."

"कोणाला भीती आहे?"

"बातमी देणाऱ्याला."

"मग त्याची भीती त्याच्यापाशी," आई म्हणाली आणि बाईंसाठी चहा टाकायला आत गेली.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात रेडिओच बोलला. कंपनीच्या मुंबईतल्या एजंटकडे तात्यांनी फोन लावला, तर माहिती येतेय, आली की कळवू, एवढंच. मराठी पेपरात ओळ नाही. कुठल्याशा समुद्रात कुठलंसं परदेशी जहाज, त्याची बातमी इकडे कोण छापणार? म्हणून मग सकाळी आणि संध्याकाळी आम्ही तिघं रेडिओभोवती बसायचो. बाई कधी यायच्या, कधी नाही. आवाज यायचा, जायचा, खरखरायचा. तात्या आणि आई त्यातलं अक्षरही न कळता शेवटपर्यंत ऐकत. बातम्या चालू असताना त्यांची नजर रेडिओवर नसायची, माझ्या तोंडावर असायची. पहिल्या दिवशी ते माझ्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तोंड कसं स्थिर ठेवायचं ते शिकले.

आधी म्हणाले, शोध चालू आहे, विमानं फिरतायत. मी तसं सांगितलं. मग म्हणाले, आशा मावळत चालली आहे. तेही मी सांगितलं, कारण बाईंनी मला बजावलं होतं, की काढायचं नाही आणि घालायचंही नाही, कमी-जास्त करण्याचा हक्क तुला नाही. आई म्हणाली, यांना आशा आहे ना अजून, मावळत का होईना.

एका संध्याकाळी म्हणाले, शोध 'कॉल्ड ऑफ'. साधे दोन शब्द. शाळेतल्या पोरालाही ते वेगवेगळे कळतील. एकत्र आले की काय होतं ते मला पुरतं ठाऊक होतं. बातम्या संपून हवामान सुरू झालं तरी मी गप्प बसले. तात्यांनी विचारलं नाही. शेवटी मीच म्हटलं, "शोध थांबवला."

"का?" आई म्हणाली. "सापडले?"

"नाही. सापडत नाहीत म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी बातम्यांत जहाजाचं नाव आलंच नाही. कुठल्यातरी देशात निवडणूक झाली होती, कुठे पूर आला होता, क्रिकेटचा निकाल होता. आम्ही संध्याकाळी ऐकलं, तिसऱ्या दिवशीही ऐकलं. तात्या म्हणाले, "आज काय म्हणाले नाहीत काय गो?"

"नाही तात्या."

"विसरले असतील," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "उद्या म्हणतील."

मी हे बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी स्वतः अशा बातम्या काढून टाकल्यात सुचिता. रोज. तीन दिवस नवीन काही आलं नाही, की ती काढायची. जागा लागते." आणि उठून त्यांनी मुंबईला आपल्या जुन्या ऑफिसात फोन लावला.

*

वाचलेले पाचजण स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका बंदरात होते, तिथल्या इस्पितळात. बाईंच्या जुन्या सहकाऱ्याने इस्पितळाचा फोन नंबर मिळवला. दुपारची वेळ धरून आम्ही मारुती मंदिराजवळच्या, परदेशी फोनची सोय असलेल्या बूथवर गेलो, बाई, तात्या आणि मी. आई आली नाही. ती म्हणाली, मी इथेच बरी.

मला वाटलं होतं फोनवर बाई बोलतील. त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"माझं काम फक्त नंबर मिळवण्यापुरतं," त्या म्हणाल्या. "भाऊ तुझा आहे. ते लोक विचारतील, तुम्ही कोण. काय सांगू मी?"

पलीकडून एक बाई भराभर स्पॅनिश बोलू लागली. मी इंग्रजीत सांगत राहिले, जहाज, कलायपी स्टार, कलायपी. बाईंनी शिकवला तसा उच्चार करत होते आणि तो तिला कळत नव्हता. शेवटी मी म्हटलं, कॅलिओप. ती थबकली. "सी, सी, कॅलिओपे," ती म्हणाली आणि मला थांबवून कोणालातरी बोलवायला गेली. काचेपलीकडून तात्या माझ्याकडे बघत होते.

मग एक दमलेला आवाज आला. तो माणूस फिलिपिन्सचा होता. नाव रोलांदो. इंजिनखोलीतच तेलपाण्याच्या कामावर. मी सांगितलं, मी दिगंबर नागवेकरची बहीण. त्याला ते नाव समजलं नाही. मी म्हटलं, दिगू.

"दिगू," तो म्हणाला. "येस. दिगू इज माय फ्रेंड."

इतके महिने मी बातम्यांतलं कठीणातलं कठीण इंग्रजी ऐकत आले होते. लांबलचक वाक्यं, दबून गेलेली अक्षरं. रोलांदोच्या इंग्रजीत तसं काहीच नव्हतं. तो तुटक बोलत होता, चुका करत होता, आणि मला त्याचा शब्दन् शब्द कळत होता. त्याच्या बोलण्यात भूतकाळ नव्हता. त्याला तो येतच नसावा. दिगू इंजिनखोलीत गातो, म्हणाला. दिगू वाईट कॉफी करतो. दिगू बहिणीबद्दल बोलतो, माय सिस्टर रेडिओसारखं इंग्रजी बोलते म्हणतो. मी ऐकत होते आणि त्या वर्तमानकाळाला घट्ट धरून बसले होते. क्षणभर मला खरंच वाटलं, की आता तो म्हणेल, थांब, देतो त्याला.

मग मी विचारलं, दिगू कुठे आहे.

तो म्हणाला, पाणी येतं. घंटा वाजते. आम्ही वर येतो. दिगूपण वर येतो. खाली दोन माणसं राहतात, त्यांना घंटा ऐकू येत नाही. दिगू त्यांना हाक मारायला परत जातो.

"ही गो डाऊन," तो म्हणाला. "ही नॉट कम."

मी विचारलं, तू पाहिलंस का? तो म्हणाला, मी दार धरून उभा राहतो. खूप वेळ. मग पाणी दारापर्यंत येतं. आणि एवढं बोलून तो स्वतःच्या भाषेत काहीतरी म्हणत राहिला.

फोन ठेवून मी बाहेर आले. तात्यांनी माझा चेहरा पाहिला. या वेळी तो मला स्थिर ठेवता आला नव्हता. ते बाईंना नमस्कार करून म्हणाले, "तुम्ही फार केलंत." मग खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्म्याच्या काचा पुसल्या, पुसून झाल्यावर पुन्हा पुसल्या.

घरी जाताना मी मनात वाक्य जुळवत होते. रोलांदोने सांगितलं तेवढंच, तसंच, काढायचं नाही, घालायचं नाही. आई ओट्यावर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले.

"दिगूबरोबरचा एक माणूस भेटला फोनवर. पाणी शिरलं तेव्हा दिगू वर आला होता, आई. पण खाली दोघं राहिले होते. त्यांना बोलवायला तो परत खाली गेला."

पुढचं वाक्य माझ्या ओठांवर होतं. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"गेला?"

"खाली गेला, आई. जिना उतरून."

"ऐकलं मी," ती म्हणाली. "गेला."

त्या एका शब्दाला मी बांध घालू शकले नाही. इंग्रजीत त्याच्यासाठी दोन निराळे शब्द आहेत. मराठीत तो एकच होता, आणि आईने त्यातला हवा तो घेतला नाही, खरा तो घेतला. ती ओरडली नाही. माझ्या गुडघ्यावरचा हात तिने बराच वेळ उचलला नाही, आणि तो दाब वाढत गेला.

*

दिगूचं शव मिळालं नाही. भटजींनी दर्भाची प्रतिमा करायला सांगितली आणि तात्यांनी भाट्याच्या किनाऱ्यावर तिला अग्नी दिला. कंपनीचं पत्र फार उशिरा आलं. त्यात इंग्रजीत 'प्रिझ्युम्ड' असा शब्द होता, मेला असं गृहीत धरलेला. तात्यांनी त्याचा अर्थ विचारला, मी सांगितला, आणि पत्र त्यांनी न वाचता घडी घालून ठेवून दिलं. त्याच वर्षी मी ती परीक्षा पुन्हा दिली आणि पास झाले. पुढे आयुष्यभर मुंबईत बातम्यांचंच भाषांतर केलं. कुठे खाण खचली, कुठे बोट बुडाली, की तेच शब्द यायचे, आणि मी ते कमी-जास्त न करता मराठीत उतरवायची. त्या वेळी कोणाच्या तरी घरी कोणाच्या तरी तोंडाकडे बघणारी माणसं असतील, हे मला कधी विसरता आलं नाही. आचरेकर बाई गेल्या तेव्हा मी रत्नागिरीला पोचू शकले नाही. त्यांचा क्लास त्याआधीच बंद पडला होता.

पण मला सांगायचंय ते त्या फोननंतरच्या दिवसाबद्दल. रोलांदो दार धरून उभा राहिला होता, हे मी आईला रात्री सांगितलं होतं. आई सकाळी उठली, आंघोळ केली, लुगडं बदललं आणि मला म्हणाली, "त्या माणसाला मला ऐकायचंय."

मी समजावलं, की त्याला मराठी येत नाही आणि तुला इंग्रजी. ती म्हणाली, ते मला कळतं. तात्यांनी मला खुणेनेच जाऊ दे म्हटलं.

आम्ही पुन्हा त्या बूथवर गेलो. नंबर लागला. आज नर्सने लगेच ओळखलं. रोलांदो आल्यावर मी त्याला सांगितलं, दिगूची आई बोलणार आहे. मी रिसीव्हर आईच्या हातात दिला. तिने आयुष्यात पहिल्यांदाच फोन धरला होता. मी तो तिच्या कानाशी सरळ करून दिला.

"काय सांगू त्याला?" मी विचारलं. "मी इंग्रजीत सांगते."

तिने मला हाताने बाजूला केलं.

"बाळा," ती म्हणाली, "मी दिगूची आई."

पलीकडून काही आलं असावं, कारण ती थांबली. मग म्हणाली, "तू दार धरून उभा होतास म्हणे. ऐकलं मी. तू तुझं केलंस." पुन्हा थांबली. पलीकडे तो रडत असावा. बूथमधल्या त्या अरुंद जागेत मला पुसटसा हुंदका ऐकू येत होता. आईचे डोळे कोरडे होते. तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता.

"तुझ्या आईला कळवलंस काय रे? आधी तिला कळव. ती वाट बघत असेल." ती थांबून राहिली, जसं काही कोणी उत्तर देतंय. "आणि तिथे खायला काय देतात तुला? भात देतात काय? जेवलास काय आज?"

पलीकडून आवाज आला. तो इंग्रजीत बोलला की त्याच्या भाषेत, ते मला कळलं नाही. आई मान हलवत ऐकत होती.

"जेव हां," ती म्हणाली. "पोटभर जेव."